लघवीचा रंग विचारणारे काका

"रंग कोनता?"

हा त्यांचा रामराम होता. समोरचा माणूस सायकलवरून उतरलेला नसायचा, डोक्यावरचं गाठोडं खाली टेकलेलं नसायचं, तोच हा प्रश्न यायचा. नवखा गोंधळायचा. कशाचा रंग? धानाचा, शर्टाचा? मग काका आवाज जरासुद्धा न उतरवता सांगायचे, "मुताचा. सकारी पाह्यला का नाई?"

हे सौंदडच्या स्टेशनावर, चहाच्या टपरीसमोर, बायाबापड्यांच्या देखत. पोरं खाली मान घालायची. काका म्हणायचे, "लाजतो कायले? मी कोनाच्या चेहऱ्यावर भरोसा नाई ठेवत. चेहरा खोटं बोलते. मूत नाई बोलत."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. दवाखान्यातून निवृत्त झालेला, पण दवाखाना ज्याच्यातून निवृत्त झालेला नाही. आमच्या काकांची सगळी नोकरी आरोग्य सेवक म्हणून केशोरीच्या बाजूच्या खेड्यांत गेली. ताप आलेला माणूस दिसला की बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, मलेरिया आहे का ते पाहायला पाठवायचा. त्यांची सायकल दिसली की लेकरं धानाच्या बांधीत लपायची. लोक त्यांना टोच्याबाबू म्हणत. हे नाव त्यांना आवडायचं. निवृत्त झाल्यावर ते काकींना घेऊन सौंदडला राहायला आले. मूलबाळ नव्हतं. घरात दोनच माणसं, त्यातल्या काकी म्हणायच्या, "जेवताना तरी तो विषय काढत नका जाऊ." काका पाण्याचा लोटा त्यांच्या ताटाजवळ सरकवायचे आणि म्हणायचे, "मंग पी."

स्टेशनावर ते कोणाची वाट पाहत? तर दुबईला जाणाऱ्या पोरांची. आमच्याकडे सगळ्या आखाताला दुबईच म्हणतात. माणूस कोणत्याही देशात जावो, गाव म्हणतं दुबईले गेला. आतल्या गावांतली पोरं सौंदडला येतात, गाडीनं गोंदियाला जातात, तिथून मुंबई, मग विमान. अंगावर नवा शर्ट, हातात नवी बॅग, कपाळावर आईनं लावलेलं कुंकू. काका त्यांना फलाटावर गाठायचे आणि एक कापडी पिशवी हातात द्यायचे. पिशवीत दोन किलो कणी, मिठाची पुडी, ओआरएसची पाकिटं आणि एक हातानं लिहिलेला कागद.

कणी पेजेसाठी. तांदळाची कणी पातळ शिजवून, मीठ घालून केलेली पेज आमच्याकडे उन्हाळ्यात कोण पीत नाही? तेंदूपत्त्याला जाणारी बाई पिते, नांगर धरणारा पितो. काकांचं म्हणणं एवढंच होतं की जे इथल्या उन्हात चालतं ते तिथल्या उन्हात लागतंच. रात्री शिजवा, सकाळी बाटलीत भरा, कामावर न्या. पण विमानात बसणाऱ्या पोराला पेज म्हणजे गरिबीचा वास. एक जण त्यांना म्हणाला, "काका, दुबईत जाऊन पेज पेऊ? लोकं हासतील ना."

"हासतील तं हासू दे. हासल्यानं किडनी नाई जात."

कागदावर काय होतं ते मला पाठ आहे. ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला.’ ‘कोल्ड्रिंकची थंडी बाटली म्हणजे पाणी नव्हे.’ ‘अंग कोरडं असताना दुखण्याची गोळी घेऊ नका, सुई तर मुळीच नको.’ आणि सर्वांत खाली, ‘आईला फोन करताना खोटं बोला. मला करताना बोलू नका.’

शिवाय एक हिंदी वाक्य ते फलाटावरच पाठ करून घ्यायचे. "डॉक्टर साब, हमारे उधर मलेरिया रहता है, खून देखो." तिकडच्या डॉक्टरला हे सुचणार नाही, तो साधा ताप समजेल, म्हणून. गाडीची घोषणा होत असायची आणि चार धडधाकट पोरं रांगेत उभी राहून पहिलीतल्या कवितेसारखं म्हणायची, खून देखो. चहावाला हसून हसून कप विसळायचं विसरायचा.

माझी त्यांच्याशी ओळख भांडणातून झाली. बाहेर कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी आमची एक लहानशी संघटना आहे. तिची पत्रकं मी लिहिते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि एका पेटीच्या मागे लागले होते. पेटी म्हणजे शवपेटी. आमच्या तालुक्यातला एक पोरगा तिकडे उन्हात काम करता करता पडला आणि मेला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, नैसर्गिक मृत्यू. पंचविशीतल्या माणसाला दुपारच्या उन्हात लोखंडावर उभं करायचं, तो पडला की निसर्गाकडे बोट दाखवायचं. मी संतापून पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘घामाला दाम द्या, कामावर पाणी द्या!’ सौंदडच्या फलाटावर मी ते वाटत होते.

काकांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं.

"पोरी, मालकाले शिव्या देल्या, चांगलं केलं. पानी किती प्याचं ते कुठं लिहिलं?"

"पाणी देणं मालकाची जबाबदारी आहे, काका."

"हाव. अन् किडनी कोनाची?"

मला राग आला. आजही मला वाटतं की माझा राग बरोबर होता. मजुराला जगायच्या युक्त्या शिकवत बसलं की मारणाऱ्याचं काम सोपं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

"तू मालकाले बदल. तोवर मी पोराले जित्ता ठेवतो. कोनाचं आधी होते ते पाहू."

त्यांचा फोन तुम्ही पाहायला हवा होता. लोकांच्या फोनमध्ये देवाचे फोटो असतात, लग्नाचे असतात. काकांच्या फोनमध्ये बाटल्या होत्या. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्या, खिडकीच्या उजेडात धरलेल्या. आखातातल्या कुठल्या कुठल्या मजूरवस्त्यांतून पोरं रोज सकाळी लघवीचा फोटो पाठवायची. पिवळसर, पिवळी, गडद पिवळी, चहासारखी. काका टपरीवर बसून एकेक फोटो मोठा करून पाहायचे आणि एका बोटानं उत्तर टाइप करायचे. ‘चांगला.’ ‘पाणी पी.’ ‘आज दुपारी सावलीत राहा, काहीही सांग.’ एकदा शेजारच्या बाकावरच्या गुरुजींनी कुतूहलानं वाकून विचारलं, "मधाचा धंदा सुरू केला काय?" काकांनी सगळं समजावून सांगितलं. गुरुजी त्या दिवशी चहा न पिताच उठले.

आता दुर्गेशबद्दल. हे त्याचं खरं नाव नाही.

दुर्गेश काकांच्या शेजारचा. बाप लहानपणीच गेला, आईनं वाढवलं. तो नागझिऱ्याला गाइड होता. जिप्सीत पुढे उभा राहून पर्यटकांना वाघ दाखवायचा, आणि दिसला नाही तर वाघाचं पाऊल दाखवून तितकाच खूश करायचा. पावसाळ्यात अभयारण्य बंद, तेव्हा हा घरी. मुलीकडचे म्हणायचे, पोरगा पावसाळाभर बसून राहते. दोन ठिकाणी जमता जमता मोडलं. मावसभाऊ दुबईला जाऊन पक्कं घर बांधून बसला होता. गोंदियाच्या एका एजंटनं दुर्गेशला सळई बांधायचं काम शिकवलं आणि नाव लावलं.

गाइड लोकांची एक सवय तुम्हाला ठाऊक आहे का? जंगलात जिप्सीतून खाली उतरता येत नाही. चार-साडेचार तासांची फेरी. मग ते पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. नव्या गाइडला जुना गाइड पहिली गोष्ट शिकवतो ती ही. दुर्गेशला या गोष्टीचा अभिमान होता. फलाटावर मला म्हणाला, "ताई, काका उगाच भेवाडतात. आपल्याले पान्याविना राहाची प्रॅक्टिस आहे."

त्या दिवशी काकांनी त्याला एक नाही, दोन पिशव्या दिल्या. सगळ्यांना विचारलेला प्रश्न त्याला मात्र विचारला नाही. मला हे जाणवलं, पण मी त्याचा विचार केला नाही. मी पत्रकं वाटत होते.

तिकडे गेल्यावर महिनाभर त्याचे फोटो आले. रंग दर आठवड्याला एक छटा गडद. काकांनी टपरीवरूनच व्हिडिओ कॉल लावला. मी बाजूला होते.

"दिवसातून किती डाव जाते?"

"एक डाव."

"एकच?"

"संडास खाली आहे ना, काका. आमी नवव्या मजल्यावर. उतरून चढलो का फोरमन हाजरी कापतो म्हनते. मंग मी पानीच नाई पेत. जिप्सीत काय करत होतो?" आणि हसला. "वाघ दिसेपर्यंत दम धराची सवय आहे आपल्याले."

"तिथं वाघ नाई, बापा. पेज करते का?"

"रूमवाले चिडवतात. ती कणी पडून आहे."

काकांनी मोठ्यानं शिवी दिली. टपरीवरची सगळी माणसं वळून पाहू लागली. मी त्यांना शिवी देताना पहिल्यांदाच ऐकलं.

जुलैत एका सकाळी जो फोटो आला तो मी पाहिला आहे. बाटलीत कोला भरला आहे असं वाटत होतं. काकांनी लगेच फोन लावला. दुर्गेशच्या पायात गोळे येत होते, पाठ मोडल्यासारखी दुखत होती. वस्तीतल्या दवाखान्यानं दुखण्याची सुई दिली होती आणि कामावर पाठवलं होतं. काका फोनमध्ये ओरडत होते, "दुसरी सुई घेऊ नको. कामावर जाऊ नको. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन टाका म्हन. जमिनीवर झोप, पन जाऊ नको."

चार दिवस मी मेल लिहिले, अर्ज लिहिले, दिसेल त्या नंबरवर फोन केले. कंपनीकडून उत्तर नाही. गोंदियाच्या एजंटनं मी पाचव्यांदा लावला तेव्हा फोन उचलला. मी स्पीकरवर ठेवला होता, काका शेजारी बसलेले.

"मैडम, आप गरम क्यों हो रही हो? लड़का मेडिकल पास है. हमने फिट भेजा था, कागज़ है मेरे पास."

मी त्याला काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. पण मध्येच काकांनी हात पुढे करून माझा फोन बंद केला. मला वाटलं, त्यांना ते ऐकवलं नाही.

दुर्गेशला शेवटी हॉस्पिटलात नेलं, पण उशिरा. काही आठवड्यांनी कंपनीनं तिकीट हातात देऊन त्याला परत धाडलं. तो सौंदडला उतरला तेव्हा त्याचा चेहरा गोल झाला होता, गाल वर आले होते, मनगटं जाड. त्याची आई फलाटावर धावत गेली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आमच्याकडे वळून हसत म्हणाली, "भरला माझा पोरगा."

काका त्याच्यापुढे उकिडवे बसले. पँट वर सारून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. जिथं अंगठा होता तिथं खड्डा पडला. तो खड्डा भरेना. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. काका उठले नाहीत.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस, आणि तेही जन्मभर.

मी पत्रक लिहायला बसले. मथळा ठरला, ‘फिटचा शिक्का मारून माणसं मारणारे!’ बीपी असलेल्या पोरांना गोळ्या खाऊ घालून तपासणीतून पार करतात, हा धंदा आम्हाला ऐकून माहीत होता. मी एजंटांना सोडलं नाही, तपासणी करणाऱ्यांना सोडलं नाही. छापायच्या आधी मसुदा काकांना वाचून दाखवायला घरी गेले. काकी अंगणात तांदूळ निवडत होत्या. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"माझं नाव घाल यात."

मला कळलं नाही.

"गोळी एजंटानं नाई देली. मी देली. मेडिकलच्या आधी त्याचा बीपी पाह्यला, एकशे साठच्या वर. सव्वीस वर्षाच्या पोराले एवढा बीपी असते कायले? किडनी आधीपासूनच कमजोर असन म्हनून असते. हे मले मालूम होतं. एका गोळीनं आकडा खाली येते, किडनी नाई सुधरत, हे पन मालूम होतं. तरी देली. आकडा खाली आला. तो पास झाला."

"का दिली?"

"देली."

"काका, का पण?"

"देली म्हनलं ना. लिहून घे."

काकींचा हात सुपात थांबला होता. मी मसुदा उचलला. जाता जाता मी म्हणाले, "सगळ्या जगाला पाणी पाजता आणि..." वाक्य पुरं केलं नाही. बरंच झालं, पण त्यात माझा चांगुलपणा नव्हता. मला रडू येत होतं.

पत्रकात मी त्यांचं नाव घातलं नाही. ‘काही स्थानिक मंडळी’ असं लिहिलं. दुसऱ्याचं पाप असतं तर मी असं मवाळ लिहिलं असतं का? नसतं लिहिलं.

पत्रक छापून आलं. काकांनी माझ्याकडून शंभर प्रती मागून घेतल्या. दोन दिवसांनी फलाटावर एका पोराच्या हातात मी ते पत्रक पाहिलं. ‘काही स्थानिक मंडळी’ या शब्दांवर निळ्या बॉलपेननं रेघ मारली होती आणि वर काकांचं नाव, आडनाव आणि हुद्दा लिहिला होता. सेवानिवृत्त आरोग्य सेवक. शंभरच्या शंभर प्रतींवर. मी इथे त्यांचं नाव लिहीत नाही. ते असते तर त्यांनी पेन काढून स्वतःच लिहिलं असतं.

दुर्गेशच्या आईला कळायचं ते कळलं. ती त्यांच्या अंगणात उभी राहून तासभर शिव्या देत होती. अख्खी गल्ली जमली. निपुत्रिक म्हणाली, वांझोट्या हाताचा म्हणाली, माझ्या पोराला खाल्लं म्हणाली. काकी दाराआड रडत होत्या. काका उघड्या डोक्यानं उन्हात उभे राहिले आणि ती गेल्यावरच आत गेले.

एवढं झाल्यावर पोरं शहाणी व्हायला हवीत की नाही? मी तशी आशा धरून होते. संघटनेच्या बैठकीत मी म्हटलंही होतं, एका माणसानं स्वतःचं नाव लिहिलं, त्याचा परिणाम होईल. झाला. पुढच्या पंधरवड्यात तीन पोरं काकांकडे वेगवेगळी आली. एक तर मोरगावकडून मोटारसायकलवर आला होता. त्याच्या खिशात आमचं पत्रक होतं.

"काका, तुमची गोळी पक्की आहे म्हनतात. मलेबी बीपी आहे. कोनती होती ते लिहून द्या ना."

काकांनी त्याला पाणी दिलं. त्यानं पिऊन घेतलं आणि परत विचारलं.

हे मला काकींनी सांगितलं. त्या दिवसापासून काका पिशव्या घेऊन फलाटावर आले नाहीत. बाटल्यांच्या फोटोंना उत्तरं देत राहिले, पण घरात बसून.

स्टेशनावर मात्र ते आठवड्यातून दोनदा दिसत, दुर्गेशबरोबर. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी धरून गोंदियाला जायचं, चार तास यंत्राजवळ बसायचं, संध्याकाळी परत. आईनं एकदा अडवायचा प्रयत्न केला, दुर्गेशनं ऐकलं नाही. काकांच्या हातात आता एक लहान बाटली असायची, तिच्यावर त्यांनी पेननं खुणा केलेल्या. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी होतच नाही, मग प्यालेलं जाईल कुठे? ते फुप्फुसात साचतं. मे महिन्यात एकदा मी त्या फलाटावर त्यांच्या शेजारी होते. पत्रे तापले होते. दुर्गेशनं ओठांवरून जीभ फिरवली आणि बाटलीकडे हात केला. काकांनी खूण पाहिली, एक घोट दिला, झाकण लावलं.

"अजून थोडं, काका."

"नाई, बापा."

"गळा सुकून रायला."

काकांनी खिशातून लिंबाची फोड काढली, मीठ न लावलेली, आणि त्याच्या हातावर ठेवली. ती चोखताना दुर्गेश दुसरीकडे पाहत होता. काकाही दुसरीकडे पाहत होते. मी उठून पत्रकं वाटायला गेले. खरं तर पत्रकं संपली होती.

काका गेले ते रोवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत. सकाळी अंगणात दात घासायला बसले, ते बसलेच. काकींनी त्यांचा फोन आमच्या संघटनेकडे आणून दिला. म्हणाल्या, "याच्यात रोज सकारी काहीतरी येते. मले पाहवत नाई." आता आम्ही दोघी-तिघी आळीपाळीनं उत्तरं देतो. आमची उत्तरं लांब होतात. त्यात कायद्याची कलमं येतात. एका पोरानं चिडून लिहिलं, ‘ताई, फक्त चांगला का वाईट ते सांगा.’

काका रविवारी गेले. मंगळवारी दुर्गेशचं डायलिसिस होतं. ते सुतक पाळत नाही. मी त्याच्यासोबत जायला निघाले. गाडी उशिरा होती. बाकावर दोघं बसलो. तो म्हणाला, "ताई, काकानं तुमाले सांगतलं का, गोळी कोनी मागतली?"

"नाही. ‘मी दिली’ एवढंच म्हणाले."

"मी दोन डाव मांगाले गेल्तो. दोन्ही डाव नाई म्हनले. म्हनले आधी किडनीची तपासनी करून ये. मी हाव म्हनलं अन् गेलोच नाई. तिसऱ्या डावाले माय गेली. पदर पसरला तिनं. म्हनली, तुमचा पोरगा असता तं त्याले असंच घरी बसवून ठेवलं असतं काय?"

मी त्याच्याकडे वळले.

"मंग देली त्यायनं."

"पण तुझी आई तर त्यांना..."

"मी वापस आलो, तेव्हा माय रातदिवस कपाळ बडवत होती. माझ्याच तोंडानं मांगतली म्हने. तं काका आले, अन् मायले सांगतलं, तू आली त्याच्या आधीच मी देऊन बसलो होतो, तुझ्या सांगन्यानं नाई. मायले खरं वाटलं. मंग शिव्या द्याले गेली." त्यानं डाव्या हाताची बाही खाली ओढली. "मातीलेबी नाई आली माय. म्हने, त्याच्या मातीले कायले जाऊ?"

"तू तिला सांगितलं नाहीस?"

"सांगतलं तं जगन का ती?"

समोरच्या रुळावरून एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत मला विचार करायला वेळ मिळाला. लढाईच्या पत्रकात कोणाचं नाव घालावं, कोणाचं गाळावं याची मला पक्की खात्री असायची. ती त्या बाकावर राहिली नाही. एजंटाचं नाव मात्र मी आजही गाळणार नाही. दुखण्याची सुई देऊन माणूस उन्हात परत पाठवणाऱ्यांचंही नाही.

आमची गाडी आली. दारात गर्दी होती, रोवणीच्या कामाला निघालेल्या बाया, त्यांचे डबे-टोपली. दुर्गेशनं डावा हात छातीशी धरला. त्या हातात फुगवलेली शीर आहे, सुया तिथून घालतात. तिला धक्का लागून चालत नाही. तो म्हणाला, काका पुढे होऊन दोन्ही कोपर बाहेर काढायचे आणि वाट करायचे.

मी पुढे झाले. मोर्चात माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, इथे ‘जरा सरका’ म्हणताना फुटेना. मग मी कोपर बाहेर काढले.

"काऊन ढकलून रायली वो?" आतल्या बाकावरची एक बाई म्हणाली.

"त्याच्या हाताला लागायला नको."

तिनं दुर्गेशच्या हाताकडे पाहिलं, टोपलं मांडीवर घेतलं आणि खिडकीची जागा मोकळी केली. दुर्गेश बसला. त्यानं डावा हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं झाकून धरला. बाहेर बांध्यांतून पाणी साचलं होतं. गोंदिया येईपर्यंत आम्ही त्या पाण्याकडे पाहत बसलो.